पाकिटावरचा आकडा चालतो का? हलाल तपासणीला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

जूनमध्ये माझा भाचा इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेला. आठवडाही झाला नसेल, तोच रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. ब्रेडच्या पाकिटाचा फोटो, ४७१ या आकड्याभोवती लाल वर्तुळ आणि खाली, "मामी, हे डुकराच्या चरबीचं असतं म्हणतात. मी तीन दिवस खाल्लाय." हॉस्टेलमधल्या कुणीतरी त्याला ई-क्रमांकांची, म्हणजे पाकिटावर छापल्या जाणाऱ्या घटकांच्या आकड्यांची यादी पाठवली होती, 'हे सगळे हराम' असं वर लिहिलेली. मी ती उघडली. पहिलाच आकडा १००. शंभर म्हणजे कर्क्युमिन, हळदीचा पिवळा रंग. जी यादी हळदीपासून सुरू होते, तिच्यावर विसंबून मुलाने उपाशी झोपायचं?

मी अन्नतंत्रज्ञान शिकले, काही वर्षं एका बिस्किटांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होते. माझं माहेर दापोलीकडचं, म्हणजे शाफई. सासर मराठवाड्यातलं, हनफी. ही इस्लामी कायद्याची दोन वेगळी मतं. त्यामुळे पदार्थात काय आहे आणि ते चालतं का, हे दोन्ही प्रश्न माझ्या स्वयंपाकघरात रोजचे आहेत. दुसऱ्या दिवशी भाच्याला फोनवर जे समजावलं, तेच इथे सविस्तर लिहिते.

सुरुवात भीतीपासून नको

खाण्यापिण्यात मूळ नियम परवानगीचा आहे. मनाई नेमक्या गोष्टींना आहे: मेलेलं जनावर, वाहतं रक्त, डुकराचं मांस, अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या नावाने कापलेलं. कुराणातल्या सूरह बकराच्या १७३ व्या आयतीत हे आलं आहे, आणि नशेचा निषेध सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत. हलाल उघड आहे, हराम उघड आहे आणि मधे काही संशयास्पद गोष्टी आहेत, त्यांपासून जो दूर राहिला त्याने आपला दीन (धर्म) सांभाळला, या अर्थाची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, नुअमान बिन बशीर यांच्याकडून बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आली आहे. या मधल्या गोष्टींना मश्बूह म्हणतात.

आपलं सगळं काम या मधल्या पट्ट्यात आहे. पण संशयाला काहीतरी आधार लागतो. 'कुणीतरी म्हणालं' हा आधार नव्हे. जे हलाल आहे त्याला पुराव्याशिवाय हराम म्हणणं हीसुद्धा जबाबदारीचीच गोष्ट आहे, आणि फॉरवर्ड करणाऱ्यांना तिचा विसर पडतो याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पहिली पायरी: ठिपका की त्रिकोण

भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असतो किंवा तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. पूर्वी मांसाहारी खूणही ठिपकाच होती, ती नंतर त्रिकोण झाली. एफएसएसएआयच्या, म्हणजे भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे प्राणिजन्य घटक असेल तर हिरवा ठिपका लावता येत नाही. अगदी चिमूटभर असला तरीही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. तो विषय निघालाच होता ६३१ सारख्या क्रमांकांवरून: नुसता आकडा छापला, तर तो घटक वनस्पतीचा की प्राण्याचा हे ग्राहकाला कसं कळणार?

म्हणजे ब्रेडवर हिरवा ठिपका असेल तर त्यातलं ४७१ वनस्पती तेलाचंच असायला हवं. भाच्याच्या फोटोत ठिपका हिरवा होता. त्याचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

आता हिरव्या ठिपक्याने काय कळत नाही ते बघा, कारण इथेच बरेच जण थांबतात. दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण आणि लाख (किड्याचा स्राव) या गोष्टी मांसाहारी धरल्या जात नाहीत. म्हणून लाखेचा लेप दिलेल्या गोळ्यांवर हिरवाच ठिपका असेल. दुसरं म्हणजे अल्कोहोल. ते धान्याचं, उसाचं, द्राक्षाचं, म्हणजे वनस्पतीचंच. ठिपक्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. इसेन्स, चॉकलेटमधलं सारण, तयार केक, परदेशी सॉस घेताना हे लक्षात ठेवा.

उलट बाजूही आहे. तपकिरी त्रिकोण म्हणजे हराम नव्हे. केकमध्ये नुसतं अंडं असलं तरी त्रिकोण येतो. मासे असले तरी येतो. त्रिकोण दिसला की एवढंच समजायचं की आता मागची बारीक अक्षरं वाचायला लागणार.

दुसरी पायरी: बारीक अक्षरं

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून वरून मिसळलेले पदार्थ (ॲडिटिव्ह) शेवटी सापडतात. तिथे आधी कामाचं नाव असतं, म्हणजे इमल्सिफायर, स्टॅबिलायझर, रंग, आम्लता नियंत्रक, चव वाढवणारा, आणि पुढे क्रमांक. आयएनएस ही आंतरराष्ट्रीय पद्धत, ई ही युरोपची. आकडा बहुतेक ठिकाणी तोच, त्यामुळे आयएनएस ३३० आणि ई ३३० दोन्ही सायट्रिक आम्लच.

एक नियम आपल्या फार उपयोगाचा आहे. दुधाच्या स्निग्धांशाखेरीज कुठलीही प्राण्याची चरबी वापरली तर ती कोणाची ते लिहावं लागतं, आणि डुकराची किंवा गाईबैलाची चरबी असेल तर तिचं नाव स्पष्ट द्यावं लागतं. 'लार्ड' हा शब्द डुकराच्या चरबीसाठी आणि 'टॅलो' हा गुराढोरांच्या चरबीसाठी, हे दोन शब्द पाठ असू द्या. यादीखाली 'यात आहे' म्हणून ॲलर्जीची वेगळी ओळ येते. कोळंबी-खेकड्याचा वर्ग, मासे, अंडी हे सगळं तिथे एका नजरेत दिसतं.

तिसरी पायरी: आकड्यांचे तीन ढीग

पहिला ढीग निर्धास्त. १०० हळद, ३०० जीवनसत्त्व क, ३३० सायट्रिक आम्ल, ४०६ अगर म्हणजे आपलं चायना ग्रास, ४०७ कॅराजीनन हे समुद्री शेवाळाचं, ४१२ गवार डिंक, ४१५ झँथन, ४४० पेक्टिन, ५०० खाण्याचा सोडा, ५०३ बिस्किटं फुलवणारा अमोनियम कार्बोनेट, २०२ आणि २११ हे टिकाऊपणासाठी. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाचं, कधी सूर्यफुलाचं किंवा अंड्याचं. तिन्ही चालतात.

दुसरा ढीग लहान आहे, प्राण्यांपासूनच येणाऱ्यांचा. १२० म्हणजे कार्माइन, कॉचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला लाल रंग. पेरूमध्ये निवडुंगावर हे किडे वाढवतात. आपल्याकडचे बहुतेक उलेमा (धर्मपंडित) तो चालत नाही असंच सांगतात. ५४२ हाडांपासूनचं फॉस्फेट. आणि जिलेटिन. जिलेटिन बहुतेक वेळा क्रमांकाने नाही, नावानेच लिहिलेलं असतं. ते डुकराच्या कातडीचं, गुरांच्या हाडांचं किंवा कातडीचं, नाहीतर माशाचं असतं. मार्शमेलो, गमी, काही दही-डेझर्ट, काही जेली पावडर. परदेशातून पाहुणे खाऊ आणतात तेव्हा पहिल्यांदा हाच शब्द शोधा.

तिसरा ढीग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि खरी गडबड इथेच होते. हे पदार्थ दोन्हीकडून बनतात. रसायन तेच राहतं, म्हणून क्रमांकही तोच राहतो. ४७१ चंच उदाहरण घ्या. तेल किंवा चरबी म्हणजे ग्लिसरॉलच्या एका कण्याला लटकलेली तीन मेदाम्लं. त्यातली एक-दोन काढली की मोनो आणि डायग्लिसराइड तयार होतात. त्यांचं एक टोक पाण्याशी जुळतं, दुसरं तुपाशी, म्हणून ब्रेड मऊ राहतो आणि आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होत नाहीत. सुरुवात पाम तेलापासून केली की चरबीपासून, हे तयार पावडरीकडे बघून कळत नाही. तिला वास नाही, चव नाही. कारखान्यात आम्ही ते पुरवठादाराच्या कागदावरच ओळखायचो, आणि कागद नसेल तर गोणी परत जायची.

याच घराण्यातले ४७२ चे सगळे उपप्रकार, ४८१ आणि ४८२, ४७०, ४३२ ते ४३६, ४९१ ते ४९५. ४२२ म्हणजे ग्लिसरीन. ५७० आणि ५७२ स्टिअरिक आम्लाचे. चॉकलेटातलं ४७६ सहसा एरंडेल तेलाचं असतं. मेदाशी संबंध नसलेलेही काही आहेत: ६२७, ६३१ आणि ६३५ हे मसाला नूडल्स-चिप्समध्ये चव वाढवणारे, जे साखर-स्टार्च आंबवून बनतात किंवा मासे-मांसापासून, आणि ९२० एल-सिस्टीन, मैद्याच्या कणकेसाठी, जे पिसांपासून, केसांपासून किंवा आंबवून मिळतं.

तिसऱ्या ढिगातला आकडा पाहून 'हलाल' म्हणता येत नाही आणि 'हराम' तर नाहीच नाही. फक्त एवढंच विचारता येतं: हे कशापासून बनवलं?

यादीत न दिसणारं

चीजमध्ये दूध फाडायला रेनेट लागतं. ते वासराच्या जठराचं किंवा सूक्ष्मजीवांपासूनचं असतं. हिरव्या ठिपक्याच्या भारतीय चीजमध्ये सूक्ष्मजीवांचं वापरतात. परदेशी चीज आणि त्यातून निघालेल्या व्हे पावडरीबाबत मात्र चौकशी करा. १६० क्रमांकाचा कॅरोटीन रंग स्वतः निर्मळ, पण त्याची पावडर कधीकधी जिलेटिनच्या आवरणात येते. नैसर्गिक किंवा कृत्रिम स्वाद एवढंच लिहिलेलं असतं तेव्हा तो स्वाद कशात विरघळवला आहे, हा प्रश्न राहतो. आपल्याकडच्या स्वस्त व्हॅनिला इसेन्समध्ये पुष्कळदा १५२० म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, ते चालतं. अमेरिकेतून आणलेल्या 'व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट'मध्ये मात्र तिथल्या कायद्यानेच किमान ३५ टक्के अल्कोहोल असावं लागतं. बाटली उचलून वाचल्याशिवाय केकमध्ये टाकू नका.

आणि एक गोष्ट कुठल्याच पाकिटावर येत नाही, ती म्हणजे बनवण्याची पद्धत. इंडोनेशियात २००० सालच्या शेवटी अजिनोमोटोचा प्रश्न उभा राहिला. मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे ६२१, जिवाणूंकडून साखरेच्या रसावर आंबवून बनतं, त्यात कुठे प्राणी येत नाही. पण ते जिवाणू ज्या खुराकावर वाढवले जात, तो बदलला होता, आणि नवा खुराक तयार करताना डुकरापासूनचं विकर (एन्झाइम) वापरलं जात होतं. तिथल्या उलेमा परिषदेने ते चालणार नाही असं जाहीर केलं. जानेवारी २००१ मध्ये माल बाजारातून परत घ्यावा लागला. त्याच वेळी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद, जे स्वतः मोठे आलिम होते, म्हणाले की अंतिम पदार्थात काहीच उरत नसल्याने तो हलाल आहे. नंतर कंपनीने खुराक बदलला आणि प्रमाणपत्र परत मिळवलं. मी हे भाच्याला मुद्दाम सांगितलं. इतकं खोल आपण घरी तपासू शकत नाही, आणि आपल्याकडून तशी अपेक्षाही नाही. जे समोर लिहिलं आहे ते वाचायचं, जे विचारता येतं ते विचारायचं.

चौथी पायरी: कंपनीला विचारणं

पाकिटावर ग्राहक सेवेचा फोन आणि ई-मेल असतो. ई-मेलच करा, म्हणजे उत्तर हातात राहतं. 'तुमचा माल हलाल आहे का?' असं विचारू नका. पलीकडे बसलेल्या मुलीला ते ठाऊक नसतं, ती 'आमची उत्पादनं नियमांनुसार आहेत' असं ठोकळेबाज उत्तर देते. नेमकं विचारा. मी असं लिहिते:

"नमस्कार. आपल्या अमुक उत्पादनाबद्दल, बॅच क्रमांक अमुक, माहिती हवी आहे. यातलं ४७१ आणि ४८१ कोणत्या तेलापासून किंवा चरबीपासून बनवलं आहे? स्वादद्रव्यात अल्कोहोल वापरलं आहे का? प्राणिजन्य घटक असल्यास तो कोणत्या प्राण्याचा आहे? धार्मिक कारणाने विचारत आहे. कृपया लेखी कळवावे."

'पाम' किंवा 'सोया' असं उत्तर आलं तर विषय संपला. 'पुरवठादारानुसार बदलतं' असं आलं तर तो पदार्थ मश्बूह, आणि दुकानात दुसरा ब्रँड असताना तो सोडून देणं सोपं. 'बोव्हाइन' म्हणजे गुराढोरांचं. पण ते जबीहा, म्हणजे इस्लामी पद्धतीने कापलेल्या जनावराचं आहे का, हा पुढचा प्रश्न विचारावा लागतो आणि त्याचं उत्तर क्वचित मिळतं. काहीच उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा पुन्हा लिहा. उत्तरांचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. कंपन्या पुरवठादार बदलतात, तेव्हा दोन वर्षांपूर्वीचं उत्तर आज लागू असेलच असं नाही.

हलालची खूण छापलेली असेल तर ती कोणत्या संस्थेची ते वाचा. आपल्याकडे ही प्रमाणपत्रं खासगी किंवा धार्मिक संस्था देतात, उदाहरणार्थ जमियत उलमा-ए-हिंदचा हलाल ट्रस्ट किंवा हलाल इंडिया. नुसता अरबी अक्षरांतला 'हलाल' शब्द कुणीही छापू शकतो. खऱ्या प्रमाणपत्रावर उत्पादनाचं नाव, कारखान्याचा पत्ता आणि मुदत असते. एका कारखान्याचं प्रमाणपत्र त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्याला चालत नाही. आणि खूण नाही म्हणून माल हराम, असंही मुळीच नाही. साध्या साखरेला, रव्याला, मिठाला शिक्का शोधत बसू नका.

मतं वेगळी असतात तेव्हा

लग्नानंतर पहिल्यांदा मी सासरी कुर्ल्यांचं कालवण करायला निघाले, तेव्हा अम्मींनी, माझ्या सासूबाईंनी, हळूच सांगितलं की त्यांच्याकडे खेकडा चालत नाही. शाफई मतात समुद्रातलं जवळजवळ सगळं हलाल, हनफी मतात फक्त मासा, आणि कोळंबीवर त्यांच्यातच दोन मतं. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या घरांमधला हा फरक पाकिटातही येतो. ऑयस्टर सॉस माझ्या माहेरी प्रश्नच नाही, सासरी आहे.

वरून मिसळलेल्या पदार्थांत हा फरक तीन-चार ठिकाणी नडतो. इस्तिहाला म्हणजे वस्तूचं मूळ रूपच पालटणं. हनफी मतात त्याला जास्त वाव आहे, शाफईत फारच कमी. म्हणून दारूत काही मिसळून मुद्दाम केलेला सिरका हनफींकडे चालतो, शाफईंकडे तो आपोआप सिरका झालेला असावा लागतो. वासराच्या रेनेटबद्दल इमाम अबू हनीफांचं मत सैल, शाफई मत कडक. मेलेल्या जनावराचं हाड शुद्ध की अशुद्ध यावरही दोघांत अंतर आहे आणि ते थेट जिलेटिनच्या चर्चेत येतं. लाखेला काही जण मधासारखा स्राव मानून परवानगी देतात, काही देत नाहीत. कार्माइनवर तर इंडोनेशियात एकाच मताचे लोक दोन बाजूंना आहेत: तिथल्या उलेमा परिषदेने २०११ मध्ये ते चालतं म्हटलं, आणि नहदलतुल उलमा या तिथल्या मोठ्या मुस्लिम संघटनेच्या पूर्व जावा शाखेने २०२३ मध्ये हराम ठरवलं.

नव्याने शिकणाऱ्याने यात स्वतः निवाडा करू नये. मी तंत्रज्ञ आहे, मुफ्ती नाही, आणि मीही करत नाही. पदार्थ कशाचा आहे ते शोधून काढा, ते उत्तर घेऊन आपल्या मताच्या, आपल्या ओळखीच्या मुफ्तींकडे जा. 'ई-क्रमांक चालतात का?' असं त्यांना विचाराल तर तेही काय सांगणार? 'अमुक गोळीत लाख आहे, ती अशी काढतात, चालेल का?' असं विचारलंत तर नेमकं उत्तर मिळेल. आणि दुसऱ्याच्या दस्तरखानावर बसून त्याच्या मुफ्तींचं उत्तर खोडू नका.

औषधाच्या कॅप्सूल

कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं. यावरून कुणीही चालू औषध बंद करू नये, हे मी फार आग्रहाने सांगते. मजबुरीला सूट आहे, ती त्याच १७३ व्या आयतीत आहे. डॉक्टरांना विचारा की हेच औषध गोळी, सिरप किंवा वनस्पतिजन्य कवचात मिळेल का. पुष्कळदा मिळतं. जीवनसत्त्वाच्या गमी वगैरे मात्र औषध नव्हेत, त्या खाऊसारख्याच तपासा.

परदेशात असाल तर

हिरवा ठिपका भारताबाहेर नाही. आखातात प्रश्न कमी येतो. ब्रिटनमध्ये 'शाकाहारींसाठी योग्य' अशी ओळ शोधा, तिने प्राणिजन्य घटकांचा प्रश्न सुटतो, अल्कोहोलचा सुटत नाही. अमेरिकेत क्रमांक छापत नाहीत, पूर्ण नाव देतात, म्हणून ४७१ ऐवजी 'मोनो अँड डायग्लिसराइड्स' वाचायला शिका. ज्यूंची कोशर खूण उपयोगी आहे, पण तिला हलालच्या जागी धरू नका. त्यांच्याकडे कोशर वाइन असते.

घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या बहिणींसाठी

तुमच्यावर दुसऱ्यांचा भरवसा आहे, म्हणून थोडं जास्त. सुटं सामान घेऊ नका. दुकानदार मोठ्या डब्यातून काढून देतो त्या केक जेलवर, व्हिप क्रीमवर काही लिहिलेलं नसतं. बंद पाकीटच घ्या आणि त्याचा फोटो ठेवा. केकवर टाकायच्या चमकदार मण्यांवर ९०४ म्हणजे लाख असू शकते, लाल-गुलाबी परदेशी मण्यांत १२०. चीजकेक किंवा मूसला जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरा. ते नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही, दोन-तीन मिनिटं उकळावं लागतं. कमी लागतं आणि फ्रिजबाहेरही घट्ट होतं, म्हणून मिश्रणात घालताना हात चटकन चालवा.

आणि तुमचा ब्रश बघा. पाव-खारीवर दूध किंवा तूप लावायचे नैसर्गिक केसांचे ब्रश पुष्कळदा डुकराच्या केसांचे असतात. घटक सगळे तपासून झाल्यावर तोच ब्रश फिरवला तर काय उपयोग? सिलिकॉनचा ब्रश भांड्यांच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

भाच्याने त्या ब्रेड कंपनीला ई-मेल केला होता. चौथ्या दिवशी उत्तर आलं: ४७१ आणि ४८१ दोन्ही पाम तेलापासून. त्याने ते उत्तर हॉस्टेलच्या त्याच ग्रुपवर टाकलं, जिथे यादी आली होती.